जुनी आज्ञावली, नवी भाषा



१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात नवे पैसे सुरू झाले. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मोडला आणि शंभर नव्या पैशांचा रुपया आला. घरात ऐंशीच्या घरातले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना विचारा, बाजारात त्या दिवसांत काय गंमत चालली होती ती. नवा हिशेब जुन्यापेक्षा सोपा होता, याबद्दल वाद नव्हता. अडचण होती ती मधल्या काळाची. एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा नवे पैसे. आणि सव्वासहाचे नाणे तर टांकसाळीतून निघत नाही. मग एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस, असा तक्ता लावावा लागला. जुनी आणि नवी नाणी एकाच कनवटीला बांधून लोकांनी काही वर्षे काढली.

आज मी आपल्याला जो इतिहास सांगणार आहे तो याच जातीचा आहे. फक्त तो नाण्यांचा नाही, संगणकाच्या भाषेचा आहे. मी इतिहासाचा अध्यापक. संगणकशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण भाषा, लिपी आणि जुने दप्तर या तीन गोष्टी एकत्र आल्या, की इतिहासाच्या माणसाचे कान टवकारतात. आणि या हकिगतीत तर आपल्या देवनागरीचाही संबंध आहे, तो पुढे येईलच.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. संगणकाला काम सांगायचे तर ते पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. या लिखाणाला आज्ञावली म्हणतात. आमची मुले त्याला नुसते 'कोड' म्हणतात. ही आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा एखाद्या भाषेत लिहितात. संगणकाला स्वतःला ती भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तोही एक प्रोग्रामच असतो. तो आपण लिहिलेली एकेक ओळ वाचतो आणि संगणकाकडून तसे करवून घेतो. दुभाष्या बदलला, त्याने व्याकरणाचे नियम बदलले, की जुने लिखाण त्याला वाचता येईनासे होते. आपल्याकडे मोडीत लिहिलेले रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि ते वाचणारे थोडे, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की मोडीचा कागद न वाचता पडून राहिला तरी कोणाचे काम अडत नाही. आज्ञावली मात्र रोज चालत असते. तिच्यावर बँका चालतात, प्रयोगशाळा चालतात, निकालाच्या गुणपत्रिका छापल्या जातात.

आता मूळ हकिगत. हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे गणित आणि संगणकशास्त्र यांची एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या गुइडो व्हान रॉसम नावाच्या तरुणाने १९८९ सालच्या नाताळच्या सुट्टीत एक नवी भाषा रचायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याने ती जगापुढे ठेवली. नाव ठेवले पायथॉन. अजगराशी याचा काही संबंध नाही बरं का. 'माँटी पायथॉन' नावाची एक ब्रिटिश विनोदी मालिका होती, तिच्यावरून हे नाव घेतले. भाषा सुटसुटीत, वाचायला सोपी आणि कोणालाही फुकट मिळणारी. त्यामुळे ती पसरली. ऑक्टोबर २००० मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि पुढच्या काही वर्षांत जगभर लाखो ओळींच्या आज्ञावल्या तिच्यात लिहिल्या गेल्या.

पण भाषा वाढत गेली तसे तिच्या पायातले काही वाकडे दगड दिसू लागले. ते काढायचे तर एकेक करून काढता येईनात. म्हणून व्हान रॉसम आणि त्याचे सहकारी यांनी ठरवले, की एकदाच काय ते सगळे निस्तरून टाकू. जुन्या लिखाणाशी मेळ तुटला तरी चालेल. ही नवी भाषा म्हणजे पायथॉन ३. ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली.

हे वाकडे दगड कोणते ते पाहू, म्हणजे पुढचे भांडण समजेल.

काही बदल अगदी वरवरचे होते. पडद्यावर काही छापून दाखवण्यासाठी 'प्रिंट' ही आज्ञा आहे. जुन्या भाषेत ती नुसती लिहिली की भागे. नव्या भाषेत पुढे कंस द्यावा लागतो. हा बदल त्रासाचा, पण प्रामाणिक. जुनी ओळ दिली की नवा दुभाष्या तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. शिक्षकांपैकी कोणी जुने पुस्तक घेऊन पायथॉन शिकवायला बसले असतील, तर पहिल्याच धड्याच्या पहिल्याच ओळीला त्यांना हा अनुभव आला असेल.

दुसरा बदल मात्र मुकाट्याने घात करणारा. समजा, पाच पायली धान्य दोन भावांत वाटायचे आहे. प्रत्येकाला किती? आपण म्हणू अडीच. जुना पायथॉन म्हणे दोन! पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच यायचे, अपूर्णांक गाळायचा, असा त्याचा नियम. नवा पायथॉन सरळ अडीच सांगतो. सुधारणा चांगलीच म्हणायची. पण विचार करा, एखाद्याने दहा वर्षांपूर्वी त्या 'दोन'वर विसंबून पुढचा सगळा हिशेब बांधला असेल तर? नव्या दुभाष्याला ओळ वाचता येते, तो थांबत नाही, तक्रार करत नाही. फक्त उत्तर वेगळे येते. दारावर थाप मारणारा पाहुणा परवडला, असा चोरपावलांचा नको. जुनी आज्ञावली नव्या भाषेत नेणाऱ्यांची झोप उडाली ती अशा ओळींनी.

आणि तिसरा बदल हा सर्वांत मोठा. त्याच्याचसाठी एवढा घाट घातला होता असे म्हटले तरी चालेल. तो म्हणजे अक्षरांचा.

संगणक अक्षरे ओळखत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली अशी एक क्रमांकवारी ठरली, तिला आस्की म्हणतात. तिच्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही यांत्रिक खुणा, झाले, संपले. आपल्या क-ख-ग-घला तिथे जागाच नव्हती. प्रत्येक देशाने मग आपापली सोय केली. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची क्रमांकवारी तयार झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि पुढे १९८८ च्या सुमारास ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. साऱ्या जगाच्या लिप्यांना एकाच वहीत बसवणारी युनिकोड ही क्रमांकवारी ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. आता सनावळी जुळवून पाहा. पायथॉन फेब्रुवारी १९९१ चा, युनिकोड ऑक्टोबर १९९१ ची. म्हणजे भाषा आठ महिन्यांनी थोरली! तिच्या जन्माच्या वेळी जगाची एकच वही अस्तित्वात नव्हती. त्यामुळे तिने अक्षरांचा हिशेब जुन्या पद्धतीने, म्हणजे एक घर एक अक्षर असा धरला. या घराला बाइट म्हणतात. युनिकोडची सोय २००० साली दुसऱ्या आवृत्तीत जोडली, पण ती वरून ठिगळ लावल्यासारखी.

याचा परिणाम काय होई ते एका शब्दावरून सांगतो. 'मराठी' हा शब्द घ्या. शाळेतल्या मुलाला विचारले, अक्षरे किती? तो म्हणेल तीन: म, रा, ठी. युनिकोड काना आणि वेलांटी वेगळे मोजते, म्हणून तिच्या लेखी पाच. आणि हा शब्द साठवण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. तेव्हा जुन्या पायथॉनला साधेपणाने विचारले, की 'मराठी' शब्दाची लांबी किती, तर तो सांगे पंधरा! पहिले अक्षर काढून दे म्हटले, तर 'म' येण्याऐवजी 'म'चा तिसरा हिस्सा हाती येई, ज्याला अर्थच नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढेच आहे. जुना पायथॉन दोन प्रकारचे मजकूर बाळगी, एक बाइटचा आणि एक युनिकोडचा. या दोहोंची सरमिसळ झाली तर तो कुरकुर करत नसे. सगळे इंग्रजीच असणार असे गृहीत धरून बेलाशक जोडून टाकी. मजकूर खरोखर इंग्रजी असला की सगळे सुरळीत. पण वर्षभर नीट चाललेल्या आज्ञावलीत एखाद्या दिवशी एखादे फ्रेंच नाव, एखादे मराठी आडनाव आले, की ती जागच्या जागी कोसळे. लिहिणारा न्यूयॉर्कला, कोसळली लातूरला, असा हा मामला. नव्या पायथॉनने हे मुळातूनच बदलले. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट. दोन्ही वेगळे, आणि मिसळायचे तर कोणत्या पद्धतीने मिसळायचे ते स्पष्ट सांगा. सांगितले नाही तर दुभाष्या पहिल्याच दिवशी अडवतो, मजकूर इंग्रजी असला तरीसुद्धा.

आता पुढच्या दहा वर्षांच्या रखडपट्टीचे एक मोठे कारण, माझ्या मते, इथे आहे. फायदा होणारे लोक एक, आणि कष्ट करावे लागणारे लोक दुसरे. ज्याचा सारा मजकूर इंग्रजी, त्याचे जुन्या पायथॉनवर उत्तम चालले होते. त्याला नवी भाषा म्हणजे चालत्या गाड्याला खीळ वाटली. वर तिच्यात सुरुवातीला वेगही नव्हता. फायली वाचण्या-लिहिण्याचा भाग इतका मंद होता, की जून २००९ च्या पुढच्या आवृत्तीत तो नव्याने लिहावा लागला.

दुसरे कारण गाड्यांच्या रांगेचे. कोणतीही आज्ञावली एकटी उभी नसते. इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावल्यांवर, म्हणजे लायब्रऱ्यांवर, ती उभी असते. घाटात बैलगाड्यांची रांग लागली की पुढची हलल्याशिवाय मागचीला हलता येत नाही. शास्त्रज्ञांची गणिते ज्या नमपाय नावाच्या लायब्ररीवर चालतात, ती २०१० मध्ये नव्या भाषेवर आली. संकेतस्थळे बांधणाऱ्यांच्या जँगोला पहिला प्रयोग करायला फेब्रुवारी २०१३ उजाडला. खालचे म्हणत, वरून मागणी नाही; वरचे म्हणत, खालचा पाया तयार नाही.

भाषा करणाऱ्यांनी वाटेचा विचार केला नव्हता असे नाही. त्यांनी 'टू-टू-थ्री' नावाचे एक भाषांतर-यंत्र दिले होते. जुनी आज्ञावली त्यात घालावी, नवी बाहेर पडेल. त्यांचा सल्ला असा, की जुनीच प्रत हाताने सुधारत राहा आणि दर वेळी यंत्रातून नवी काढा. जुन्यातून नव्यात एकदाच उडी मारायची. कागदावर हे ठीक होते. पण पाचाला दोनाने भागणारी ओळ मुद्दाम तशी लिहिली आहे की चुकून, हे यंत्राला कसे कळावे? हा मजकूर बाइटचा की अक्षरांचा, हे लिहिणाऱ्याच्या मनात. ओळीत ते लिहिलेलेच नसते.

लोकांनी मग आपलीच वाट काढली. एकच आज्ञावली अशी लिहायची की ती जुन्या आणि नव्या दोन्ही दुभाष्यांना वाचता यावी. दोन्ही नाणी एकाच कनवटीला! याला मदत म्हणून बेंजामिन पीटरसन याने २०१० मध्ये एक छोटी लायब्ररी केली, तिचे नाव 'सिक्स', म्हणजे सहा. दोन त्रिक सहा. गंमत अशी, की हाच पीटरसन पायथॉन २.७ या अखेरच्या जुन्या आवृत्तीचा प्रकाशन-व्यवस्थापक होता.

भाषा करणारेही हळूहळू या वाटेवर आले. त्यातला एक प्रसंग लहान आहे, पण मला फार बोलका वाटतो. जुन्या भाषेत युनिकोड मजकुराच्या आधी 'यू' हे अक्षर लावत. नव्या भाषेत सारा मजकूर युनिकोडच, तेव्हा त्या अक्षराची गरज संपली. म्हणून ते काढून टाकले. तर्काला धरून झाले. पण त्यामुळे ज्यांनी जुन्या भाषेत काळजीपूर्वक, योग्य पद्धतीने मजकूर लिहिला होता, नेमक्या त्यांच्याच ओळी नव्या दुभाष्यापुढे अडू लागल्या! अखेर सप्टेंबर २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत ते अक्षर परत घेतले. ते काहीच करत नाही. असले काय, नसले काय, अर्थ तोच. केवळ जुन्या लिखाणाला दार उघडे राहावे म्हणून ते आहे. २०१५ मध्ये बाइटच्या मजकुरात जागा सोडून मूल्ये भरण्याची जुनी सोयही परत आली.

पायथॉन २.७ हे जुलै २०१० चे. त्याची देखभाल पाच वर्षे, म्हणजे २०१५ पर्यंत व्हायची होती. २.८ कधीही निघणार नाही, हे २०११ मध्येच जाहीर करून टाकले होते. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये माँट्रियल येथील परिषदेच्या वेळी मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. पाचाची दहा वर्षे झाली.

या वाढीव काळात खरे काम झाले. इन्स्टाग्राम या कंपनीने साधारण दहा महिने खपून २०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत आपली सारी आज्ञावली नव्या भाषेवर आणली. त्यांनी वेगळी नवी प्रत काढली नाही. रोज चालणाऱ्या त्याच आज्ञावलीत बदल करत गेले; आधी ती आपल्या कर्मचाऱ्यांपुरती नव्या दुभाष्यावर चालवली, मग थोड्या वापरणाऱ्यांसाठी आणि शेवटी सर्वांसाठी. ड्रॉपबॉक्स या दुसऱ्या कंपनीला तीन वर्षे लागली, आणि तिथे तर त्या काळात खुद्द व्हान रॉसम नोकरीला होता! मर्क्युरिअल नावाच्या एका प्रसिद्ध साधनाचा सारा व्यवहार फायलींच्या नावांशी, म्हणजे बाइटशी. ते नव्या पायथॉनवर चालू लागले नोव्हेंबर २०१९ मध्ये, मुदत संपायला दोन महिने उरले असता.

अशा सगळ्या ठिकाणी पद्धत साधारण एकच दिसते. आधी तपासण्या लिहायच्या: हे दिले की हे उत्तर आले पाहिजे. जुन्या दुभाष्यावर त्या खऱ्या ठरल्या, की मग त्याच तपासण्या नव्यावर चालवायच्या आणि जिथे उत्तर फिरेल तिथे बोट ठेवायचे. ज्या आज्ञावलीला तपासण्याच नव्हत्या आणि जिचा मूळ लेखक नोकरी सोडून गेला होता, तिचे हाल कुत्रा खात नव्हता. एखाद्या कचेरीत जुने दप्तर लावायला घ्यावे आणि ते ज्याने बांधले तो कारकून कधीच निवृत्त झालेला असावा, तसे. ओळ दिसते, हेतू दिसत नाही.

एवढा खटाटोप करायला हवा होता का? याविषयी जाणकारांत आजही दोन तट आहेत. मला विचाराल तर अक्षरांची सुधारणा टाळण्यासारखी नव्हती. ती टाळली असती तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने तिची किंमत कायमची मोजली असती. पण 'प्रिंट'च्या कंसासारख्या किरकोळ गोष्टी त्याच वेळी त्याच पोत्यात कशाला भरल्या, हे मात्र मला कळलेले नाही. ज्याला डोंगर चढायचा आहे त्याच्या डोक्यावर पाटाही द्यायचा, यात कोणता शहाणपणा? तरीही पायथॉनचे नशीब बलवत्तर म्हणायचे. पर्ल नावाच्या दुसऱ्या भाषेने २००० साली अशीच मोठी सुधारणा जाहीर केली. ती पुरी व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला. तोवर जुने लोक जुन्याच भाषेत राहिले होते. शेवटी २०१९ मध्ये त्या नव्या भाषेला राकू हे वेगळेच नाव द्यावे लागले. पायथॉनची मंडळी दमली, भांडली, पण एका गावात राहिली.

१ जानेवारी २०२० रोजी जुन्या पायथॉनची देखभाल संपली. शेवटची आवृत्ती, २.७.१८, त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली आणि खाते बंद झाले. तरी काही कंपन्या पैसे घेऊन आपल्या ग्राहकांसाठी त्याची डागडुजी २०२४ पर्यंत करीत होत्या. दरम्यान आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात नवा पायथॉन आला. त्या मुलांना 'मराठी' शब्दाची लांबी पाच येते, आणि कधी काळी ती पंधरा येत असे हे त्यांच्या गावीही नसते.

भाषा करणाऱ्यांची रीतही बदलली. आता दर वर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती निघते. काही काढायचे असेल तर किमान दोन आवृत्त्या आधी सूचना देतात, दुभाष्या ओळ चालवतो पण बजावतो, आणि मग ती गोष्ट काढतात. याच रीतीने ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीतून जुन्या काळची एक वस्तू काढली गेली. ती म्हणजे 'टू-टू-थ्री', जुन्याचे नवे करून देणारे ते भाषांतर-यंत्र. सूचना दोन वर्षे आधीच मिळाली होती. आणि ते गेल्याची फारशी तक्रार कोणी केली नाही.